ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताचा रिपोर्ट हातात येतो. एका ओळीसमोरचा आकडा ठळक छापलेला असतो आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. बहुतेकांचे प्रश्न तिथून सुरू होतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठल्या बाजूने लिहिली आहेत ते कळेल. ही गोळी कमतरता भरून काढण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. कमतरता नसताना तिच्यावर जी बाकीची कामं सोपवली जातात, त्यातली बहुतेक मोठ्या अभ्यासांत टिकलेली नाहीत.

रिपोर्टमध्ये १७ आलंय. हे खूप कमी आहे का?

आधी एकक बघा. काही लॅब 'नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर' छापतात, काही 'नॅनोमोल प्रति लिटर'. पहिल्या आकड्याला २.५ ने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे १७ नॅनोग्रॅम असेल तर थोडं कमी. १७ नॅनोमोल असेल तर जेमतेम ७ नॅनोग्रॅम, आणि ते खरंच कमी. ही गफलत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते, विशेषतः परदेशातला रिपोर्ट इथल्या रिपोर्टशेजारी ठेवला की.

पुढचे सगळे आकडे नॅनोग्रॅममध्ये धरा. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये असं मांडलं की २० च्या वर जवळजवळ सगळ्यांची हाडांची गरज भागते आणि १२ च्या खाली कमतरतेचा धोका खरा असतो. त्याच वर्षी हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं आणि ३० च्या वर पुरेसं, अशी वेगळी विभागणी केली. लॅबच्या छापील रकान्यात बहुधा हीच दुसरी विभागणी असते. म्हणून २४ आलेला धडधाकट माणूस कागदावर 'अपुरा' ठरतो आणि काळजीत पडतो. गंमत म्हणजे २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत त्याच सोसायटीने ३० ची रेघ सोडून दिली. छापील रकाने मात्र अजून बरेच ठिकाणी तसेच आहेत.

तेव्हा १७ आणि बाकी काही त्रास नाही, तर रोजच्या साध्या मात्रेने भागण्यासारखं आहे. ६ आलंय, हाडं ठणकतात आणि जिना चढताना मांड्यांत जोर वाटत नाही, तर ही वेगळी गोष्ट. त्यात डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासतात.

दोन चाचण्या दिसतात. कोणती करायची?

'२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी'. '१,२५-डायहायड्रॉक्सी' ही दुसरी चाचणी ड चं सक्रिय रूप मोजते आणि नावाने जास्त भारी वाटते, पण साठा मोजायला ती निरुपयोगी आहे. साठा घटला की गळ्यातली, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला कामाला लावते आणि सक्रिय रूप उलट नीट किंवा जास्तही दिसतं. तिजोरी रिकामी होत असताना खिशात नोटा खुळखुळाव्यात, तसं. ही चाचणी मूत्रपिंडाच्या आणि काही दुर्मिळ आजारांत लागते, ती डॉक्टर स्वतः सांगतील.

मग प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासून घ्यावं का?

नाही. काही त्रास नसलेल्या निरोगी माणसाने नेमाने ही चाचणी करू नये, असं एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या सूचना सांगतात. हाडांचा आजार, शोषणाचा त्रास, किडनी किंवा लिव्हरचा विकार, फिट्सची औषधं यांपैकी काही असेल तर चाचणीला अर्थ आहे.

हे जीवनसत्त्व मुळात करतं काय?

आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घ्यायला मदत करतं. ते कमी पडलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून उसनं काढतं. नवीन हाडाचा सांगाडा तयार होतो, पण त्यात खनिज भरलं जात नाही. लहान मुलांत यालाच मुडदूस म्हणतात: पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं रुंद होतात, टाळू उशिरा भरते. मोठ्यांत हाडं मऊ पडतात. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात आणि खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो.

'जीवनसत्त्व' हे नाव त्याला तसं अपघातानेच चिकटलं. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास घरात कोंडलेल्या कुत्र्यांच्या पिल्लांत आहारातून मुडदूस निर्माण केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा केला. त्या तेलातला हा गुण ए जीवनसत्त्वाचा नसून दुसऱ्याच एका घटकाचा आहे हे एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये दाखवलं; ए, बी, सी ही अक्षरं आधीच गेली होती, म्हणून हे डी. त्याच १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडत होते. प्रकाश एकाच हातावर पडला, पण एक्स-रेमध्ये दोन्ही हातांची हाडं सुधारलेली दिसली. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सगळीकडे जात होतं. शरीर जे स्वतः बनवतं आणि रक्तातून दूर पाठवतं, त्याला आज आपण हार्मोन म्हणू.

रोज उन्हात फिरतो, तरी कमी कसं?

'ऊन लागलं' आणि 'ड जीवनसत्त्व तयार झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेला लागतात ते अतिनील-बी किरण, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे. सकाळी लवकर आणि संध्याकाळी सूर्य तिरपा असतो, तेव्हा हे किरण वातावरणातच गाळले जातात. कोवळं ऊन छान असतं, मन प्रसन्न करतं, पण या कामात ते कमजोर आहे. सोपी खूण म्हणजे तुमची सावली. ती तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर फारसं काही बनत नाही.

खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. गाडीत बसून दंड काळवंडला म्हणजे जीवनसत्त्व मिळालं असं नाही. काळवंडवणारे बरेच किरण अतिनील-ए असतात आणि ते काच ओलांडतात. त्यात अंगभर कपडे, धूर आणि धुरकं. त्वचा जितकी सावळी तितका वेळ जास्त लागतो, कारण मेलॅनिन हेच किरण शोषतं. वय वाढलं की त्वचेतला कच्चा मालही घटतो.

म्हणून तासन्तास भर उन्हात उभं राहा, असं मी सुचवणार नाही. त्वचेच्या कर्करोगाचा धोका खरा आहे आणि गोळी स्वस्तात तेच काम करते. एक बाब मात्र उन्हाच्या बाजूची: उन्हाने या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. गरजेपुरतं बनलं की उरलेला माल त्वचेतच निष्क्रिय पदार्थांत बदलतो. गोळीला असा लगाम नाही.

आहारातून भागेल का?

अवघड आहे. तेलकट मासे, अंड्यातला पिवळा बलक, अतिनील प्रकाश दाखवलेली अळंबी, आणि वरून ड घातलेलं दूध किंवा तेल. यादी इथेच संपते.

रोज किती घ्यावं?

इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे आकडे असे: पहिल्या वर्षात ४०० युनिट, १ ते ७० वयात ६००, सत्तरीनंतर ८००. बाटलीवर मायक्रोग्रॅम लिहिले असतील तर ४० ने गुणा. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६०० युनिट. नऊ वर्षांवरील व्यक्तीसाठी देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४००० युनिट. ते गाठायचं ध्येय नव्हे, कुंपण आहे.

वजन खूप जास्त असेल तर तेवढ्याच गोळीने रक्तातली पातळी कमी वाढते. मोठ्या शरीरात ते पसरतं आणि चरबीतही अडकतं, त्यामुळे कमतरतेवर उपचार करताना अशांना दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. किती, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा ६०,००० ची गोळी दिली आहे. ही रोज घेतली तर लवकर फरक पडेल ना?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

६०,००० ला सातने भागलं की रोजचे साधारण ८,५७० होतात. कमतरता भरून काढायला ठरावीक आठवड्यांपुरती डॉक्टर ही मात्रा देतात. हीच गोळी रोज घेतली तर वर सांगितलेल्या ४००० च्या मर्यादेच्या पंधरापट होते. घोटाळा कसा होतो तो पाहा. चिठ्ठीवर घाईत खरडलेलं असतं, बाकीच्या चार गोळ्या रोजच्या असतात, घरातलं कोणीतरी सगळ्या एकाच डबीत भरतं, आणि 'हाडांची गोळी' सकाळच्या खणात जाऊन बसते. दोन-तीन महिन्यांनी माणसाला मळमळ सुरू होते, तहान भागत नाही, लघवीला सारखं जावं लागतं, पोट साफ होत नाही, वागण्यात गोंधळ जाणवतो. वयस्कर माणूस असेल तर 'वय झालं' म्हणून हे सगळं सोडून दिलं जातं.

उपाय साधा. पट्टीवर मार्करने वार लिहा: 'फक्त रविवार'. रोजच्या डबीत ती ठेवूच नका. आणि किती आठवडे, हे चिठ्ठी घेतानाच विचारा. आठ आठवड्यांचा कोर्स कोणी थांबवायला सांगितला नाही म्हणून दोन वर्षं चालू राहतो, हेही नेहमीचंच.

वर्षातून एकदाच मोठा डोस घेतला तर सुटसुटीत नाही का?

कल्पना मोहक आहे आणि ती तपासूनही झाली. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले. त्या गटात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडं मोडण्याचं २६ टक्क्यांनी *वाढलं*. डोस दिल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पडणं सर्वांत जास्त होतं. ज्या त्रासापासून वाचवायचं तोच वाढला. थोडं आणि रोज, हेच बरं.

मग हाडं मोडणं गोळीने टळतं की नाही?

कोणाची हाडं, यावर उत्तर बदलतं.

फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत आणि तशा वसतिगृहांत राहणाऱ्या ३,२७० वृद्ध स्त्रियांवरचा अभ्यास १९९२ मध्ये आला. रोज ८०० युनिट ड आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम. दीड वर्षात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झालं. या बायका क्वचितच बाहेर पडत, त्यांच्यात कमतरता होती आणि कॅल्शियमही सोबत मिळालं.

आता अमेरिकेतला 'व्हायटल' अभ्यास घ्या. २५,८७१ माणसं, रोज २००० युनिट, पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. २०२२ मध्ये हाडांचा निकाल आला आणि फ्रॅक्चरमध्ये काही फरक दिसला नाही. पण या मंडळींची सरासरी पातळी सुरुवातीलाच ३० च्या आसपास होती. भरल्या रांजणात पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. माझ्या मते या जीवनसत्त्वावरचे निम्मे वाद केवळ सुरुवातीची पातळी न पाहिल्याने होतात.

जास्त घेतलं तर हाडं आणखी भक्कम होतील या आशेलाही कॅनडातल्या अभ्यासाने २०१९ मध्ये खीळ घातली. तीन वर्षं ४००, ४००० किंवा १०,००० युनिट रोज. मनगटाजवळच्या हाडाची घनता मोठ्या मात्रांच्या गटांत ४०० वाल्यांपेक्षा कमी निघाली.

कर्करोग, हृदयविकार, मधुमेह?

'व्हायटल'मध्ये नवे कर्करोग घटले नाहीत, हार्ट अटॅक आणि पक्षाघातही नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या 'डी-हेल्थ' अभ्यासात साठीपुढच्या २१,३१५ लोकांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट दिले. एकूण मृत्यूंत घट नाही.

मधुमेहाचं थोडं वेगळं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर रोज ४००० युनिटचा प्रयोग झाला. २०१९ च्या निकालात मधुमेह होण्याचं प्रमाण किंचित कमी दिसलं, पण तो फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान होता. अशा तीन प्रयोगांची आकडेवारी २०२३ मध्ये एकत्र केली तेव्हा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. उंबरठ्यावर असाल तर डॉक्टरांशी बोलायला हा विषय आहे. चालणं आणि वजन यांना पर्याय मात्र नाही.

संधिवातासारख्या स्वप्रतिकार आजारांत (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) 'व्हायटल'ने अनपेक्षित फरक दाखवला: ड घेणाऱ्यांत १२३ नवे रुग्ण, न घेणाऱ्यांत १५५. मला हे सगळ्यांत कुतूहलाचं वाटतं. एका अभ्यासावर गोळी सुरू करण्याइतकं ते पक्कं नाही.

सर्दी-खोकला कमी होतो म्हणतात?

२०१७ मध्ये २५ प्रयोगांची गोळाबेरीज झाली तेव्हा थोडा फायदा दिसला, मुख्यतः ज्यांची पातळी फार खाली होती आणि जे रोज किंवा दर आठवड्याला घेत होते त्यांच्यात. पुढे आणखी प्रयोग जोडले गेले तसा तो फायदा पातळ होत गेला. कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांना ब्राझीलमध्ये एकदम २ लाख युनिट देऊन पाहिले, त्यांचे रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत.

थकवा, केस गळणं, उदास वाटणं?

उदासीवर 'व्हायटल'मध्येच १८,३५३ लोकांत तपासलं गेलं. गोळीने नैराश्य टळलं नाही. थकव्याची कारणं डझनभर असतात: रक्त कमी असणं, थायरॉइड, अपुरी झोप. ड चा आकडा कमी दिसला की सगळा दोष त्याच्या माथी मारून शोध तिथेच थांबवला जातो, हे मला जास्त खटकतं. केसांचंही तसंच, आधी लोह आणि थायरॉइड बघा.

डी२ की डी३?

डी३. गोळ्यांत मिळणाऱ्या ड च्या या दोन रूपांपैकी हे पातळी जास्त चढवतं आणि जास्त टिकवतं. डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. प्राणिजन्य नको असेल तर दगडफुलापासून काढलेलं डी३ मिळतं, किंवा डी२ घ्या. तेही काम करतं.

उपाशीपोटी घ्यायची की जेवून?

जेवून, आणि त्या जेवणात थोडं तेल-तूप असू द्या, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. सकाळ-संध्याकाळने काही बिघडत नाही.

बाळाला थेंब कसे द्यायचे?

आईच्या दुधात ड फार कमी असतं, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट देतात. धोका मापात आहे. एका बाटलीत १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, दुसरीत एकाच थेंबात ४००. पहिली संपली, दुसरी आणली आणि सवयीने ड्रॉपर भरून दिला, की बाळाला कित्येक पट जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये नेमक्या याच ड्रॉपरबद्दल पालकांना सावध केलं होतं. नवीन बाटली उघडताना दर वेळी लेबल वाचा, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीत वापरू नका.

लहान मुलांत जास्तीचा इतिहासही आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात आणि खाद्यात ड सढळ हाताने घातलं जाई आणि रक्तात कॅल्शियम वाढलेली आजारी बाळं दिसू लागली. काही बाळांत हे जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइमच जन्मतः दुबळं असतं, हे २०११ मध्ये उलगडलं.

कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये?

रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असेल, वारंवार मुतखडे होत असतील, सारकॉइडोसिस किंवा क्षयरोग असेल (या आजारांतल्या गाठी स्वतःच ड सक्रिय करतात), किडनीचा जुना विकार असेल, तर आधी विचारा. थायाझाइड प्रकारच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर कॅल्शियम चढू शकतं, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असताना चढलेलं कॅल्शियम हृदयाची लय बिघडवतं. उलट बाजूने फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन ही फिट्सची आणि रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचं, अशी औषधं ड लवकर संपवतात. त्यांवर असलेल्यांना जास्त लागू शकतं.

कॅल्सिट्रिऑल ही वेगळी गोळी आहे. ती तयार, सक्रिय रूपातली असते, मूत्रपिंड थकलेल्यांसाठी. साध्या डी३ ऐवजी ती आणून खाऊ नका.

सोबत के२ आणि मॅग्नेशियम घ्यायलाच हवं का?

'घ्यायलाच हवं' असं नाही. ड वापरायला शरीराला मॅग्नेशियम लागतं हे खरं, पण त्यासाठी सगळ्यांनी वेगळी गोळी घ्यावी असं ठरत नाही. के२ हे के जीवनसत्त्वाचं एक रूप. त्याचा जास्तीत जास्त गाजावाजा विकणारेच करतात. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असाल तर के जीवनसत्त्वाला परस्पर हात लावू नका.

परत तपासणी कधी?

तीन महिन्यांनी. रक्तातला साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला वेळ जातो. पंधरा दिवसांत केलेली चाचणी पैसे घालवते. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण पद्धत बदलली की आकडाही हलतो.

चुकून बरेच दिवस जास्त घेतलं गेलं. आता काय?

गोळी बंद करा, सोबतची कॅल्शियमची गोळीही थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तपासा. विषबाधेत ड ची पातळी बहुधा १५० च्या वर असते, पण त्रास ठरवतं ते कॅल्शियम. ते वाढलेलं असेल किंवा उलट्या, गुंगी, बरळणं असेल तर थेट रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून सलाइन देतात आणि गरज पडली तर कॅल्शियम उतरवणारी औषधं. जाताना पट्टी आणि बाटल्या सोबत न्या. चरबीत साठलेलं हळूहळू बाहेर पडतं, त्यामुळे गोळी थांबवल्यावरही कित्येक आठवडे, कधी काही महिने, रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.